आधी नाती लाव म्हणालात, त्याबद्दल

प्रिय काकू,

तुम्हाला कुणी आभार मानले की तुम्ही लगेच विषय बदलता, चहा ठेवते म्हणून उठून आत जाता, म्हणून हे पत्र असं उघडपणे लिहितेय आणि तुमचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. वाचाल तेव्हा कळेलच तुम्हाला.

मी पॅरिसला दोन वर्षांच्या प्रोजेक्टवर आले होते आणि पहिले सहा महिने ऑफिस ते घर, घर ते ऑफिस एवढंच चालू होतं. बस रोज रिव्होली रस्त्यावरून जायची, लूव्रच्या समोर ओरातुआर चर्चच्या मागच्या भिंतीला एक पांढरा दगडी माणूस उभा दिसायचा, कडक चेहरा, दोन्ही बाजूंना दोन बायका बसलेल्या, खाली उघडा बायबल. गणपतीत तुमची ओळख झाली तेव्हा प्रसादाच्या रांगेत उभं राहून मी तुम्हाला सहज विचारलं की तो कोण, आणि तुम्ही म्हणालात, "अ‍ॅडमिरल कॉलिनी." मग मी लगेच माझं बी. ए. च्या नोट्समधलं वाक्य म्हणून दाखवलं, २४ ऑगस्ट १५७२, सेंट बार्थोलोम्यूची कत्तल, पॅरिसमध्ये प्रोटेस्टंटांना मारलं ती, कॅथलिक विरुद्ध प्रोटेस्टंट. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "कत्तल राहू दे. त्याची आई कोण ते विचार आधी. आधी नाती लाव, लढाया आपोआप कळतील."

त्या एका वाक्याबद्दल हे पत्र आहे खरं तर.

पुढच्या शनिवारी तुमच्या किचनमध्ये तुम्ही पावाची कागदी पिशवी फाडून सरळ केलीत आणि तिच्यावर पेनने त्यांचं अख्खं घराणं काढलंत. ती पिशवी माझ्याकडे आहे अजून, लोण्याच्या डागासकट. मध्ये गास्पार, म्हणजे आपला कॉलिनी, जन्म १५१९, शातियों गावचा. वडील फ्रान्सचे मार्शल, १५२२ मध्ये गेले, म्हणजे हा तीन वर्षांचा. आई लुईझ द माँमोरान्सी, दरबारात राणीच्या सेवेत. आणि आईचा भाऊ आन द माँमोरान्सी, आन हे आपल्याला बाईचं नाव वाटतं पण राणी आन त्याची धर्ममाता होती म्हणून तिचं नाव त्याला दिलेलं, हा पुढे कॉनेटाबल झाला म्हणजे राजाच्या सगळ्या सैन्याचा प्रमुख. तुम्ही त्या नावाभोवती गोल काढलात आणि बाजूला मराठीत लिहिलंत "मामा". तो एक शब्द लिहिल्यावर सगळं चित्र जागेवर बसलं बघा. बाप नसलेले तीन भाचे आणि एक जबरदस्त मामा. भाच्यांचं सगळं मामाने केलं. थोरला ओदे १५३३ मध्ये सोळाव्या वर्षी कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी, त्या वयात आपल्याकडे पोरं अकरावीचं अ‍ॅडमिशन घेतात. मधला गास्पार १५४७ मध्ये पायदळाचा मुख्य, १५५२ मध्ये अ‍ॅडमिरल, आणि धाकटा फ्रान्स्वा, ज्याला सगळे दांदेलो म्हणतात, तोही सैन्यात वर वर चढत गेला.

मग १५५७. सेंट क्वेंटिन गावाला स्पॅनिश सैन्याचा वेढा, आत गास्पार अडकलेला, आणि त्याला सोडवायला बाहेरून आला कोण, तर मामा. १० ऑगस्टला मामाचं सैन्य पार मोडलं आणि मामा पकडला गेला, भाच्याने आत अजून सतरा दिवस काढले आणि २७ तारखेला तोही पकडला गेला. दोघंही शत्रूच्या कैदेत. माझ्या नोट्समध्ये ही लढाई एका ओळीत होती हो, फ्रान्सचा पराभव एवढंच.

कैदेत गास्पारचं मन फिरलं. धाकट्याचं त्याच्या आधीच फिरलं होतं, तो मिलानच्या किल्ल्यात काही वर्षं कैदेत होता आणि तिथे त्याने नव्या, म्हणजे प्रोटेस्टंट धर्माची पुस्तकं वाचली, १५५८ मध्ये तर त्याने राजा दुसऱ्या हेन्रीच्या तोंडावर सांगितलं की मी मासला, म्हणजे कॅथलिक प्रार्थनेला, जाणार नाही आणि त्यासाठी परत तुरुंगात गेला. गास्पार तसा नव्हता, तो सावकाश विचार करणारा, कमी बोलणारा. नव्या धर्माचा पुढारी कॅल्विन, त्याने त्याला कैदेत पत्र लिहिलं आणि त्याच्या बायकोलाही, शार्लोतला, वेगळं लिहिलं. आणि ओदे, कार्डिनल असलेला थोरला, तोही शेवटी तिकडेच गेला, पोपने १५६३ मध्ये त्याला धर्मातून बाहेर काढलं, १५६४ मध्ये त्याने लग्न केलं आणि लग्नात कार्डिनलचा लाल झगाच घातला होता असं सांगतात. तो १५६८ ला इंग्लंडला पळाला आणि १५७१ मध्ये कँटरबरीत वारला, तिथल्या कॅथीड्रलमध्येच त्याची कबर आहे. सगळ्यात शेवटी वळला तो भाऊ परक्या मुलखात पुरला गेला, याचं मला फार वाईट वाटलं होतं, तुम्हाला आठवत असेल.

१५६२ ला यादवी सुरू झाली तेव्हा मामा कॅथलिकांच्या बाजूला आणि भाचे प्रोटेस्टंटांच्या बाजूला. प्रोटेस्टंटांचा पुढारी होता राजघराण्यातला काँदेचा प्रिन्स, आणि त्याची बायको म्हणजे कॉलिनीच्या सावत्र बहिणीची मुलगी, म्हणजे काँदे हा भाचेजावई. म्हणजे एकाच घरातली माणसं दोन्हीकडे तलवारी घेऊन उभी. १५६७ च्या नोव्हेंबरमध्ये सेंट डेनिसला मामा भाच्यांच्याच सैन्याशी लढताना जखमी झाला आणि दोन दिवसांनी गेला. तुम्ही पिशवीवर मामाच्या नावासमोर फुली मारलीत आणि थोडा वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "भाऊबंदकी आपल्याला कुणी शिकवायला नको."

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती शार्लोत. तुम्ही मला ती रात्र सांगितलीत, अग्रिपा दोबिन्ये या त्या काळच्या प्रोटेस्टंट कवीने लिहून ठेवलेली, १५६२ ची, शातियोंच्या वाड्यातली. युद्धात उतरावं की नाही हे गास्पारचं ठरत नव्हतं, आणि रात्री बायकोच्या रडण्याने त्याला जाग आली, ती म्हणाली तिकडे आपली माणसं मारली जातायत आणि आपण इथे उबेत झोपलोय. त्याने तिला सगळं स्वच्छ सांगितलं, उद्या पराभव होईल, पळावं लागेल, आपले लोक सोडून जातील, आपली पोरं उपाशी पडतील, तुझ्या नवऱ्याला मारतील, हे सोसायची तयारी आहे का, तीन आठवडे घे आणि विचार कर. ती म्हणाली तीन आठवडे झाले समज. हे सांगताना तुमचा आवाज भरून आला होता. आणि पुढे जे जे झालं ते त्याने त्या रात्री सांगितलं तसंच झालं, फक्त तिला ते सगळं बघावं लागलं नाही, ती १५६८ मध्ये ओर्लेआँला तापाने गेली.

आता गास्पारने मुलांना लिहिलेल्या त्या पत्राबद्दल. हे इथे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं माझं.

१५६९ हे त्यांच्या घरासाठी फार वाईट वर्ष. मार्चमध्ये काँदे मारला गेला. नंतर दांदेलो सेंतला तापाने गेला, लोक म्हणाले विष दिलं. सप्टेंबरमध्ये पॅरिसच्या पार्लमेंटने, म्हणजे तिथल्या वरच्या कोर्टाने, गास्पारच्या डोक्यावर ५०,००० एक्यूचं, म्हणजे सोन्याच्या नाण्यांचं, बक्षीस लावलं, ३ ऑक्टोबरला मोंकोंतूरला त्याचा मोठा पराभव झाला आणि स्वतः तोंडाला गोळी लागून जखमी झाला. शातियोंचा वाडा लुटून नेला. आणि अशा वेळी १६ ऑक्टोबरला त्या माणसाने मुलांना पत्र लिहिलं. स्वतःच्या मुलांना आणि वारलेल्या भावाच्या मुलांना, दोघांना मिळून एकच पत्र. आपलं जे लुटलं गेलं ते लुटता येण्यासारखंच होतं, आपला भरवसा त्याच्यावर ठेवायचा नसतो, अशा अर्थाचं काहीतरी.

तुम्ही ते फ्रेंचमधून वाचत वाचत तिथल्या तिथे मराठीत सांगत होतात आणि "माझ्या भावाच्या मुलांनो" इथे आलात आणि मी उठून गॅलरीत गेले. तुम्ही तेव्हा काही विचारलं नाहीत. आज सांगते. मी नऊ वर्षांची असताना बाबा गेले आणि सांगलीला काकांनी आम्हा दोघा भावंडांना वाढवलं, त्यांची स्वतःची तीन, आम्ही दोन. काकांची नोकरी फिरतीची होती, कोल्हापूर, सोलापूर, लातूर, आणि महिन्यातून एकदा ते पत्र लिहायचे, एकच, पाचही जणांची नावं वर ओळीने, वयाप्रमाणे, कधीही आमची नावं खाली वेगळी नाही. मी दुसऱ्या नंबरला असायचे. ते एवढं मोठं काहीतरी होतं हे मला पस्तिसाव्या वर्षी, पॅरिसच्या एका किचनमध्ये, साडेचारशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच सरदाराचं पत्र ऐकताना कळलं. त्या संध्याकाळी मी काकांना फोन केला आणि पाऊण तास बोलले, नेहमी आम्ही पाच मिनिटांत ठेवतो.

मग तुम्ही मला गाडीतून शातियोंला घेऊन गेलात, गुडघा दुखत असताना, पावसात. दोन तास जायला, दोन तास यायला. गावाचं नाव १८९६ पासून शातियों-कॉलिनी केलंय हे तुम्ही पाटी दाखवून सांगितलंत. वाड्याचं आता फारसं काही उरलेलं नाही, बाराव्या शतकातला तो जाड बुरूज आणि त्या उतरत्या गच्च्या. तिथे भिंतीला टेकून तुम्ही शेवटचा भाग सांगितलात, पॅरिसमध्ये सांगायचा नाही असं तुम्ही ठरवलं होतंत ना?

१५७१ मध्ये त्याने ला रोशेलला दुसरं लग्न केलं, सव्हॉयच्या जाकलीनशी, तिच्या ड्यूकने बंदी घातलेली असतानाही ती आली होती. त्याच वर्षी मुलगी लुईझचं लग्न तेलिनीशी. पुढच्या वर्षी राजकन्येच्या लग्नासाठी तो पॅरिसला गेला, १८ ऑगस्टला लग्न लागलं, आणि त्याच दिवशी त्याने गरोदर बायकोला पत्र लिहिलं की फक्त माझ्या मनासारखं करायचं असतं तर मी इथे थांबण्यापेक्षा तुझ्याजवळ असतो. २२ तारखेला रस्त्यात त्याच्यावर गोळी झाडली, बोट उडालं, दुसरा हात कोपरापाशी फुटला, राजाचा शस्त्रवैद्य आँब्रुआझ पारेने उपचार केले, राजा स्वतः भेटून गेला. २४ च्या पहाटे मारेकरी खोलीत शिरले, मारून खिडकीतून खाली टाकला, आणि खाली उभा होता कॅथलिकांचा पुढारी, गीझचा तरुण ड्यूक, ज्याच्या बापाच्या १५६३ च्या खुनाचा आळ कॉलिनीवर होता. त्याचा बाप आणि कॉलिनी तरुणपणी मित्र होते हे तुम्ही मला आधीच पिशवीवर लिहून दिलेलं. जावई तेलिनीही त्याच रात्री मारला गेला. लुईझचं वय सोळा, सतरा पूर्ण व्हायला महिना होता, एका रात्रीत बाप आणि नवरा.

प्रेत मोंफोकोंच्या फाशीच्या जागेवर टांगलं होतं. ते उतरवून कुणी नेलं? मामाच्या मुलाने. फ्रान्स्वा द माँमोरान्सी, स्वतः कॅथलिक, ज्याचा बाप याच आतेभावाच्या सैन्याशी लढताना गेला होता, त्याने माणसं पाठवून गुपचूप ते खाली काढवलं आणि शांतियीला, माँमोरान्सींच्या जागेत, पुरवलं. तुम्ही म्हणालात, "हे तुला कत्तलीपासून सुरुवात केली असतीस तर दिसलंच नसतं." खरंय काकू. माझ्या नोट्समध्ये कॅथलिक म्हणजे एका बाजूचे आणि प्रोटेस्टंट म्हणजे दुसऱ्या बाजूचे, आणि हा माणूस त्यात कुठेच बसत नव्हता, तो फक्त आत्याच्या मुलाला घ्यायला गेला होता.

परत येताना गाडीत तुम्ही लुईझचं पुढचं सांगितलंत, मला वाटतं माझा चेहरा बघून. स्वित्झर्लंडला पळालेली ती मुलगी, १५८३ मध्ये डच बंडाचा पुढारी ऑरेंजचा विल्यम, त्याची चौथी बायको झाली, १५८४ च्या जानेवारीत मुलगा झाला आणि जुलैत डेल्फ्टच्या घरात विल्यमला गोळी घातली. दुसरा नवराही खुनातच गेला. पदरात पाच-सहा महिन्यांचा मुलगा आणि सवतींच्या लहान लहान मुली, आणि तिने त्या मुलींना सांभाळलं, त्यांची लग्नं होईपर्यंत लक्ष ठेवलं. तो मुलगा फ्रेडरिक हेन्री, त्याचा नातू पुढे इंग्लंडचा राजा झाला, आणि आजचं नेदरलँडचं राजघराणंही त्याच्याच लेकीच्या वंशातलं. शार्लोतच्या नातवापासून, हे तुम्ही दोनदा म्हणालात. अ‍ॅडमिरलच्या नातवापासून असं नाही म्हणालात.

प्रोजेक्ट संपला, मी फेब्रुवारीत परत आले. निघताना घाईत तुम्हाला नीट भेटलेही नाही, एअरपोर्टवरून मेसेज टाकला, ते मनात राहून गेलंय. तुम्ही मला भाषा शिकवली नाहीत, नोकरीत मदत केली नाहीत, तुम्ही चौदा शनिवार दिलेत, आणि मी इतिहास वाचायला लागले की आता पहिल्यांदा विचारते याची आई कोण, मामा कोण, वारलेल्या भावाची पोरं कुणाकडे गेली.

काका आता ७८ चे आहेत. त्यांना त्या पत्राबद्दल सांगितलं तेव्हा ते म्हणाले मला मराठीत करून दे, मोठ्या अक्षरात. मी तुमच्या आवाजात जसं ऐकलं होतं तसं आठवून लिहून काढलंय, सोबत मेल करतेय. जिथे चुकलंय तिथे लाल करा, आणि "भरवसा" ठेवायचा की "विश्वास" तेवढं नक्की सांगा, काका थांबलेत.

तुमची,
पिशवी जपून ठेवलेली