मावशीनं सांगितलं ते खरं आहे

प्रिय आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

मावशीनं तुम्हाला फोन केल्याचं दादाकडून कळलं. तिनं सांगितलं ते खरं आहे. लंडनमधली हॅरोची नोकरी मी घेतली नाही. इथंच, ब्रायटनजवळच्या लुईस गावात, स्टेशनपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर भाड्याचं घर पक्कं केलंय. करारावर सहीसुद्धा झाली. आता "परत एकदा विचार कर गं" म्हणायला जागा उरलेली नाही, म्हणून फोन न करता पत्रच लिहायला बसले. फोनवर आई, तू रडतेस, आणि बाबा "बरं बरं" म्हणून फोन तुझ्याकडं देऊन टाकतात. माझं अर्धं बोलणं पोटातच राहतं. आज पावसानं मॅच रद्द झालीय. सकाळी रेफरीनं मैदान तुडवून बघितलं आणि नाही म्हणाला. त्यामुळं अख्खी दुपार मोकळी आहे.

मावशी "फुटबॉलपायी नोकरीवर पाणी सोडलं" म्हणाली म्हणे. तसं नाही. ब्रायटनची नोकरी आहे तशीच चालू आहे. लुईसहून ब्रायटन रेल्वेनं पाव तास. हॅरोला पगार जास्त होता हे कबूल, पण तिथलं भाडं ऐकलं असतं तर बाबांनीच "नको" म्हटलं असतं. शिवाय तिकडं नाइट ड्युटी होती, आणि रात्रपाळी केली की माझी पित्तं उसळतात हे आईला माहीतच आहे. इथं समुद्राची हवा आहे, वरिष्ठ चांगले आहेत, एका कोर्सला पाठवायचं म्हणतायत. आणि मावशीचं घर जवळ पडलं असतं हे खरं असलं तरी मावशीचं घर जवळ पडलं असतं हेही तिकडं न जाण्याचं एक कारण आहेच. (आई, हे तिला वाचून दाखवू नकोस.)

आता ही सगळी कारणं खरी असली, तरी शनिवारी दुपारी तीन वाजता मी कुठं असते हेही तुम्हाला ठाऊक आहे. ते लपवत नाही.

बाबा, तुम्ही रात्री जागून टीव्हीवर बघता तो फुटबॉल वेगळा. इथं वरच्या चार पायऱ्यांवर मिळून 92 क्लब. पाचवीपासून खाली जे काही आहे त्या सगळ्याला नॉन-लीग म्हणतात, आणि आमचा लुईस एफसी सातव्या पायरीवर. खेळाडू बरेचसे असे की दिवसा दुसरीकडं काम करायचं आणि संध्याकाळी सरावाला यायचं. क्लब 1885 चा. 2008 साली वर चढून पार पाचव्या पायरीपर्यंत गेला होता, पुढच्याच वर्षी तळाला राहून खाली आला, मग पैशाचे वांधे झाले, तेव्हा गावातल्या लोकांनीच 2010 मध्ये तो हातात घेतला. आता वर्षाची वर्गणी भरील तो मालक, आणि कितीही पैसे असले तरी मत एकच. मीही भरलीय. आई, भिशीत बायकांना सांगायला हरकत नाही की पोरगी क्लबची मालकीण आहे. फक्त किती मालक आहेत ते सांगू नकोस.

मैदानाचं नाव ड्रिपिंग पॅन, म्हणजे भाजताना गळणारी चरबी धरायची परात. खरंच परातीसारखं खाली खोल आहे, चारी बाजूंनी हिरवे बांध. शेजारी जुन्या मठाचे पडके अवशेष. मठातले साधू इथं मीठ काढायचे म्हणून हे नाव पडलं अशी दंतकथा आहे. एका बाजूच्या बांधावर समुद्रकिनाऱ्यावर असतात तशा लाकडी खोपटांची रांग. पैसेवाल्यांनी बसायची जागा म्हणून ती केलीत. पैसेवाले म्हणजे काय, मॅच बघताना डोक्यावर छप्पर असणारे. बाकीचे आम्ही गोलमागं उभे. आणि बाबा, एक गोष्ट तुम्हाला फार आवडेल. हाफटाइमला टीम बाजू बदलतात ना, तेव्हा आम्हीही बदलतो! हातात चहा-बिअर घेऊन सगळे चालत पलीकडच्या गोलमागं जातो, म्हणजे दोन्ही हाफमध्ये आपण गोल मारताना समोर दिसतो. (बिअर म्हटलं म्हणून दचकू नका, मी चहाच घेते. गावातच दारूची जुनी भट्टी आहे, तिचा वास कधीकधी स्टेशनपर्यंत येतो, तेवढाच माझा संबंध.)

बाहेरच्या टीमचा गोलकीपर आमच्यासमोर आला की त्याची जी काही चेष्टा चालते, ती ऐकून मला आपल्या मोठ्या मामाचीच आठवण येते. फक्त मामाच्या तोंडातलं अर्धं इथं चालणार नाही. लंडनच्या डलिच हॅम्लेट क्लबची माणसं आली की स्टँड भरतो. ब्रायटनचंच व्हाइटहॉक आलं की जरा खुन्नस असते. पण आपल्या कोल्हापूरच्या पाटाकडील-शिवाजी मॅचची सर कशाला नाही. आपल्या घरात त्या दिवशी आई काहीच बोलायची नाही, भाकऱ्या तेवढ्या जोरात थापायची, आणि शिवाजी जिंकली की संध्याकाळी गोडाचं का होतं हे आम्हाला सांगावं लागायचं नाही.

बाबा, आता एक सांगते, ते रागानं घेऊ नका.

मी लहान होते तोवर तुम्ही मला चेतकवर पुढं उभं करून शाहू स्टेडियमला न्यायचा. पायऱ्या तापलेल्या असायच्या, तुम्ही रुमाल चार घडी करून मला त्यावर बसवायचा आणि स्वतः तसेच बसायचा. शेंगा सोलून माझ्या तळहातावर ठेवायचा. एकही टरफल येऊ द्यायचा नाहीत. गोल झाला की तुम्ही मला उचलून इतकं वर फेकायचा की आई जर तिथं असती तर तिथंच वाद झाला असता. मग मी सातवीत गेले आणि तुम्ही म्हणालात, "आता मोठी झालीस, घरी थांब." दादा जायचा. मी गच्चीवर उभी राहायची. आरडाओरडा ऐकू आला की अंदाज बांधायचा, आपला गोल की त्यांचा. तुमची चूक नव्हती. पेठेतली एकही मुलगी जात नव्हती, आणि दोनचार मॅचेसना काय काय झालं ते मीही बघितलंय. तुम्ही तरी काय करणार होता? मला कधी राग आला नाही. फक्त ती जागा रिकामी राहिली, एवढंच.

लुईसला पहिल्यांदा गेले तेव्हा मला माहीतही नव्हतं की हाच तो क्लब, ज्यानं 2017 पासून बायकांच्या आणि पुरुषांच्या टीमला सारखेच पैसे द्यायला सुरुवात केली. व्यावसायिक-अर्धव्यावसायिक क्लबांत असं करणारा हा पहिलाच. पोरींची मॅचही त्याच मैदानावर, त्याच गवतावर. 2023 च्या मार्चमध्ये त्या बायकांच्या एफए कपच्या, म्हणजे इथल्या देशभरच्या बाद स्पर्धेच्या, उपांत्यपूर्व फेरीत मँचेस्टर युनायटेडशी खेळल्या, त्या खड्ड्यात! 3-1 हरल्या. मला हरल्याचं वाईट वाटलंच नाही. माझ्या पुढं एक माणूस पोरीला खांद्यावर घेऊन उभा होता. आमचा गोल झाल्यावर ती त्याचे कान धरून ओढत होती आणि तो हसत होता. पुढच्या वर्षी आमच्या पोरी एक पायरी खाली उतरल्या, तरी लोक येतातच. आई, तू विचारतेस ना, "एवढी कशाला गुंतलीस?" तर हे असं आहे.

आणि मी एकटी नसते. माझ्या शेजारी रिटायर्ड शिक्षक उभे असतात, बाबांच्याच वयाचे. थर्मास त्यांचा, कप माझा. बाबांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा ते दर मॅचला आधी तब्येत विचारायचे आणि मग "तुमच्या वडिलांची टीम काय म्हणते?" असं. मी फोनवर आपल्या केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगचं गुणपत्रक दाखवते. मॅच यूट्यूबवर असली की त्यांना थोडी लावूनही देते. एवढी गर्दी बघून ते म्हणाले, आमच्या लीगमधल्या कुठल्या क्लबाला एवढी माणसं मिळाली तर अध्यक्ष रडेल. मी त्यांना सांगितलं, सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला 2017 मध्ये भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव आमच्या कोल्हापूरचा. दोन मॅचनंतर त्यांनी त्याच्याबद्दल सगळं वाचून मलाच सांगितलं.

घराचं म्हणाल तर घर छान आहे. दुसऱ्या मजल्यावर आहे, हे आईसाठी मुद्दाम लिहिते. गावातून ऊझ नदी जाते आणि 2000 साली इथं मोठा पूर आला होता, हे तू नकाशात बघून शोधून काढशीलच, म्हणून आधीच सांगते. 2019 ला आपण जे भोगलं ते माझ्याही लक्षात आहे, घर बघताना पहिला प्रश्न मी तोच विचारला. हीटर चांगला चालतो. खिडक्यांना दुहेरी काच आहे. वॉशिंग मशीन घरातच आहे. खाली एक आजी राहतात, त्यांच्याकडं जादा किल्ली दिलीय. स्टेशनपासून घरापर्यंत सगळीकडं दिवे आहेत. मॅचला जाताना दोन जोड मोजे, आतून थर्मल, वरून तू विणलेला स्वेटर, त्यावर क्लबचा लाल-काळा स्कार्फ. जेवणाचंही बरं चाललंय. ज्वारीचं पीठ मिळतं, जुनं असतं, भाकरी चिरते, पण मिळतं. कांदा-लसूण चटणी मी छोट्या डबीत घालून मैदानावर नेते आणि तिथल्या चिप्सवर टाकते. आता आजूबाजूचे चार जण डबी कधी निघते ते बघत असतात. त्यामुळं ती वेळेआधी संपत आलीय. दादाचा मित्र येणार आहे ना, त्याच्याकडं एक किलो द्या. तिखट तसंच राहू दे, "तिकडच्या लोकांना झेपणार नाही" म्हणून कमी करू नकोस.

आता माझं ऐका.

बाबा, चारच्या मॅचला जायचं तर डोक्याला टोपी आणि पाण्याची बाटली, आणि दुपारची गोळी घेऊनच घराबाहेर पडायचं. खिशात ठेवली म्हणजे घेतली असं होत नाही. सावलीतली बाजू बघून बसा. वरच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. पेनल्टी शूटआउट लागलं तर उठून बाहेर जाऊन चहा प्या, निकाल मामा सांगेल. गोंधळ सुरू झाला तर "काय झालंय बघू" करत पुढं जायचं नाही, सरळ गेट गाठायचं. एकटं जायचं नाही. मामा शिवाजीचा असला तरी माणूस बरा आहे. पुढचा ईसीजी कधी आहे? रिपोर्टचा फोटो पाठवाल तेव्हा सरळ धरून काढा, मागच्या वेळी अर्धा टेबलक्लॉथच आला होता.

आई, गुडघ्याचे व्यायाम मी व्हिडिओवर शिकवलेत ते केलेस का? "केले" असं म्हणू नकोस, उद्या फोनवर करून दाखव. पापड वाळत घालायला गच्चीवर चढायचं नाही, दादाला किंवा वहिनीला सांग. आणि बाबा मॅचला गेले की तू उपाशी वाट बघत बसतेस, ते बंद कर. चार घास खाऊन घे, ते येऊन मिसळ खाल्ल्याचं कबूल करणारच आहेत.

दिवाळीला येईनच, पण त्याआधी तुम्ही दोघं इकडं या. दादानं पासपोर्टचे अर्ज भरून ठेवलेत, सही तेवढी करा. ऑगस्टमध्ये सीझन सुरू होतो. तिकडं तेव्हा पाऊस कोसळत असतो, शाहू स्टेडियमही बंद, बाबांना करायला काहीच नसतं. विमानाचं डॉक्टरांना विचारून मग तिकीट काढते. मैदानात बसायला जागा आहे, आईला उभं राहावं लागणार नाही. बाबांना मी गोलमागं नेणार. शिक्षकांनी आत्ताच सांगून ठेवलंय की पहिल्या दिवशीचा चहा त्यांच्याकडून. भाषेची काळजी करू नका, गोलकीपरला शिव्या कुठल्याही भाषेत दिल्या तरी त्याला कळतात.

मावशीला फोन करून ओरडू नका. ती काळजीपोटीच बोलली. मी पुढच्या रविवारी तिच्याकडं जाऊन जेवून येणार आहे, त्या दिवशी आमची मॅच नाही.

तुमची,
छोटी

ता. क. बाबा, पाटाकडीलची पुढची मॅच कधी आहे ते कळवा, ती नेमकी आमच्या मॅचच्या दिवशी असली तर सकाळी उठून आधी तुमची बघीन.