गच्चीवर खोली चढवण्यापूर्वी

माननीय संपादक,
सादर नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की अकरावी-बारावी आणि ‘नीट’च्या तयारीसाठी मुलांना लातुरात ठेवू पाहणारे पालक खोल्यांच्या शोधात गल्लोगल्ली फिरू लागतात, आणि त्यांच्यासाठी म्हणून उन्हाळ्यातच अनेक घरांच्या गच्चीवर चार इंची भिंती व वर पत्रे चढलेले असतात. घराला भाड्याचा आधार हवा, ही अपेक्षा रास्तच आहे. आक्षेप आहे तो, हे काम गवंड्याच्या अंदाजावर उरकले जाते याला.

परवानगीविषयी दोन गैरसमज फार रुजलेले आहेत. पत्र्याच्या खोलीला परवानगी लागत नाही, हा पहिला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार घराच्या आतल्या किंवा बाह्यरूप न बदलणाऱ्या दुरुस्तीला सूट आहे. गच्चीवर राहण्याची खोली उभी करणे त्यात बसत नाही, मग छत स्लॅबचे असो वा पत्र्याचे. घरपट्टी लागली म्हणजे बांधकाम अधिकृत झाले, हा दुसरा. महापालिका अनधिकृत बांधकामावरही कर आणि त्यावर शास्ती आकारू शकते, पण त्या पावतीने ते नियमित होत नाही. खरे तर डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे सोळाशे चौरस फुटांच्या भूखंडांसाठी ही प्रक्रिया बरीच सोपी केली आहे. परवानाधारक अभियंत्याकडून नकाशे करून घेण्याचा कंटाळा, हेच टाळाटाळीचे मुख्य कारण दिसते. अपार्टमेंटची गच्ची मात्र सर्वांच्या सामाईक मालकीची असल्याने तेथे इतर सदनिकाधारकांच्या संमतीचा प्रश्न आधी येतो.

परवानगीपेक्षाही गंभीर बाब वजनाची आहे. वावरण्याच्या गच्चीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला साधारण दीडशे किलो भार धरला जातो, तर राहत्या खोलीसाठी दोनशे. हा फरक लहान वाटतो, परंतु त्यात भिंती धरलेल्या नाहीत. दहा फूट उंचीच्या चार इंची विटांच्या भिंतीचे वजन प्रत्येक मीटर लांबीमागे सहाशे किलोंहून अधिक भरते, आणि ती भिंत खालच्या तुळईवर न येता स्लॅबच्या मध्यावर आली, तर तेथे तडे जाण्याची शक्यता वाढते. शिवाय नव्या खोलीच्या डोक्यावर हजार लिटरची टाकी, म्हणजे आणखी एक टन. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, बोजा माणसांवर कोसळला. फूटभर जाडीच्या मातीच्या थराचे वजनच चौरस मीटरला सुमारे अर्धा टन होते. त्याच जिल्ह्यात आपण पुन्हा डोक्यावर भार वाढवताना पाया आणि कॉलम तपासू नयेत, याचे आश्चर्य वाटते. भिंतीच हव्या असतील, तर विटेच्या सुमारे एकतृतीयांश वजनाचे हलके ब्लॉक आता सहज मिळतात.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उघड्या पत्र्याखाली दुपारी अभ्यास करणे अशक्यप्राय असते. पत्र्याखाली उष्णतारोधक थर, समोरासमोर खिडक्या आणि किमान पावणेतीन मीटर उंची, या गोष्टी आराखड्यातच हव्यात. वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडतात ते बहुधा सैल हुकांमुळे. वर दगड ठेवणे हा उपाय नव्हे, कारण पत्र्यासोबत तोही खालच्या रस्त्यावर येतो. संडास-न्हाणीचा कोपरा खालच्या न्हाणीच्या बरोबर वर घेतला, तर गळती आणि नळकामाचा खर्च, दोन्ही कमी होतात. जिना दीड फुटाचा लोखंडी असेल, तर आगीच्या वेळी पाच-सहा मुले खाली कशी उतरणार, हेही पाहिले पाहिजे.

लातूरसह मराठवाड्यातील महापालिका व नगरपालिकांना विनंती आहे की, गच्चीवरील एका खोलीचे दोन-तीन नमुना आराखडे शुल्क आणि कागदपत्रांच्या यादीसह मराठीत प्रसिद्ध करावेत, आणि मुलांना भाड्याने द्यायच्या खोल्यांसाठी अभियंत्याचा स्थिरता दाखला आवर्जून मागावा. बांधकामे मार्च-एप्रिलमध्ये सुरू होत असल्याने ही माहिती फेब्रुवारीअखेर लोकांपर्यंत पोहोचावी.

आपला,
एक निवृत्त अभियंता, लातूर