दोन वाइपच्या मध्येच सर्व्हरचा वेग बदलल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,
गेम सर्व्हर विभाग

विषय: ‘रस्ट’ या ऑनलाइन गेमचा टू-एक्स (साध्या दराच्या दुप्पट माल देणारा) सर्व्हर न कळवता टेन-एक्स (दहापट) केल्याबाबत

महोदय,

गेले सात महिने मी तुमच्या टू-एक्स सर्व्हरवर खेळतो. या वेळी तीन महिन्यांचे ८९७ रुपये आगाऊ भरले, त्यातले दोन महिने अजून शिल्लक आहेत. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी नेहमीप्रमाणे वाइप झाला, म्हणजे सगळं पुसून खेळ नव्यानं सुरू झाला, आणि रविवारी सकाळी बघतो तर सर्व्हरच्या नावात ‘टेन-एक्स’. ना मेसेज, ना खेळाडूंना विचारणं.

आम्ही चौघं आहोत. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीला, मेव्हणा गोकुळ शिरगावला, बाकीचे दोघं उद्यमनगरात. जेवणखाण आटोपून रात्री साडेनऊला बसतो ते साडेबारापर्यंत. वन-एक्स सर्व्हर आम्ही खेळून पाहिलाय. तिथं आमचा आठवडा दगड फोडण्यात जातो, तोवर दिवसभर बसणारी पोरं कुठच्या कुठं पोचलेली असतात. टेन-एक्सही पाहिलाय. पहिल्याच रात्री हातात रायफल येते आणि दुसऱ्या रात्री काय करायचं ते सुचत नाही. ज्यांना एका संध्याकाळची मारामारी हवी त्यांच्यासाठी तो चांगलाच आहे, पण आम्हाला ते नको होतं. म्हणून शोधून तुमचा टू-एक्स घेतला. ‘नोकरी करणाऱ्यांसाठी’ असं तुमच्याच जाहिरातीत होतं.

फोनवर तुमचा माणूस म्हणाला, ‘तुम्हालाही पाचपट माल मिळतोय, मग तोटा कसला?’ तोटा असा: दगडी भिंतीची ताकद कुठल्याही सर्व्हरवर ५००च असते. ती पाडायला दोन सी-फोर स्फोटकं लागतात, आणि एका सी-फोरला सगळं मिळून २,२०० सल्फर. साध्या दरात एक नोड, म्हणजे सल्फरचा खडक, पूर्ण फोडला की ३०० सल्फर मिळतं, म्हणजे एका भिंतीमागं पंधरा नोड. टू-एक्सवर आठ. टेन-एक्सवर फक्त दोन! आम्हालाही दगड जास्त मिळतो, जास्त भिंती बांधता येतात, हे मान्य. पण दिवसातले एकवीस तास आम्ही ऑफलाइन असतो. दुपारी कुणी दोन-चार नोड फोडून आमच्या दारात आला, तर आम्ही भट्टीपुढं उभे असतो.

तसंच झालं. तळ्याकाठच्या टेकडीवर बेस बांधला होता, नाव ठेवलं होतं पन्हाळा. स्क्रॅप (भंगार) साठवत साठवत शनिवारी रात्री पुढची हत्यारं बनवायचं दुसऱ्या लेव्हलचं वर्कबेंच लागलं, तेव्हा मेव्हणा माइकवर एवढ्यानं ओरडला की त्याची पोरगी झोपेतून उठली. रविवारी रात्री लॉगइन केलं तर बेस साफ.

रेड झाला ही माझी तक्रार नाही. सात महिन्यांत कितीतरी वेळा लुटलो गेलोय, आणि चुकलं कुठं, दार कुठल्या बाजूला घ्यायला हवं होतं, हे दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर बोलत बसलोय. या वेळी मी सगळ्यांना म्हटलं, चला पुन्हा उभं करू. तासाभरात तेच वर्कबेंच पुन्हा लागलं. कुणी ओरडलं नाही. अकरा वाजताच एकेक करून सगळे गेले आणि तेव्हापासून चौघं एकत्र बसलेलो नाही. तीन रात्रींची वाट बघणं त्या वर्कबेंचमागं होतं, म्हणून ते आमचं होतं. त्या वाट बघण्याचेच पैसे आम्ही भरले होते आणि तेच तुम्ही काढून घेतलंत.

पुढच्या वाइपपासून हा सर्व्हर परत टू-एक्स करा. टेन-एक्स हवा असलेल्यांना वेगळा सर्व्हर द्या, त्यांनाही तो मिळायला हवा. दर बदलायचाच असेल तर वाइपच्या आधी किमान आठ दिवस कळवा. दोन वाइपच्या मध्ये कधीच नको. हे जमणार नसेल तर उरलेल्या दोन महिन्यांचे ५९८ रुपये परत करा. त्या बदल्यात खेळातली नाणी देऊ केलीत तर ती मी घेणार नाही.

जे सांगून पैसे घेतले ती सेवा मिळाली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ती सेवेतली त्रुटी ठरते. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. पैसे भरल्याची पावती आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे.

फोन करायचा झाल्यास रात्री नऊनंतर करावा. शिफ्टमध्ये मोबाइल जवळ ठेवता येत नाही.

आपला ग्राहक,
राजारामपुरी, कोल्हापूर