दगड झालेल्या लाकडाला ब्लीच आणि ॲसिड एकत्र लावू नका

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत शोभेचे दगड घरी चकाचक कसे करायचे यावर लेख आला होता, त्यात अश्मीभूत लाकडाचं नाव दिसलं म्हणून चहा बाजूला ठेवून वाचायला घेतला, पण संडास धुवायचं ॲसिड आणि ब्लीच एकाच बादलीत टाका हे वाचून अंगावर काटाच आला. साहेब, ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तर जिवावर बेतेल. सुट्ट्यांत पोरं असलं काही बघितलं की लगेच करायला घेतात.

मी परभणीचा, वर्कशॉपमधून रिटायर झाल्यापासून मला हाच नाद आहे. पहिला तुकडा अजिंठ्याच्या पायथ्याला स्टॉलवर घेतला, घरी आणून सरळ ॲसिडमध्ये बुडवला तर सगळा फसफसून आला, बाहेर काढेपर्यंत झाडाची वलयं पार विरघळलेली. तो कॅल्साइटचा होता, म्हणजे चुनखडीच्याच जातीचा, त्याला ॲसिड खातंच. तेव्हापासून मी आधी कोपऱ्यावर व्हिनेगरचा एक थेंब टाकून बघतो, बुडबुडे आले तर ॲसिडचं नावच काढायचं नाही. लाकडाच्या जागी सिलिका बसलेली असेल तर तो आपल्या रानातल्या गारगोटीसारखा टणक, चाकूनंही ओरखडा उठत नाही.

आणि ब्लीचनं दगड पांढराशुभ्र होतो हे लेखातलं म्हणणंही खरं नाही. ब्लीचनं वरचं शेवाळं, बुरशी जाते, बस. लाल-पिवळा रंग लोखंडाचा असतो, तो ब्लीचला दाद देत नाही, आणि मुळात तो घालवायचाच कशाला? जमिनीत करोडो वर्षं पडून आलेला रंग आहे तो. जैसलमेरजवळच्या आकलची झाडं 18 कोटी वर्षांपूर्वीची आहेत, मध्य प्रदेशातल्या घुघवाची साडेसहा कोटी. आपल्या राज्यात सिरोंच्याजवळ वडधमला अशी खोडं आहेत, जाऊन जरूर बघा पण तिथला खडासुद्धा खिशात घालू नका.

मी काय करतो तर जुना टूथब्रश आणि साधं पाणी, बस. शेवटचं धुणं मात्र पावसाच्या नाहीतर फिल्टरच्या पाण्यानं, कारण आमच्याकडं बोअरच्या पाण्याचे क्षार इतके की वाळल्यावर दगडावर पांढरा पापुद्रा धरतो आणि माणसाला वाटतं दगडच खराब निघाला. पॉलिश करायचं तर 220 चा वॉटर पेपर, मग 400, 600, 1000, शेवटी नमद्यावर सिरियम ऑक्साइड, म्हणजे पॉलिशची बारीक पूड. प्रत्येक पेपरनंतर दगड कोरडा करून उन्हात तिरपा धरायचा, ओला दगड सगळे चरे लपवतो, 220 चा एक जरी चरा राहिला तर पुढची सगळी मेहनत वाया. आणि हे सगळं पाणी सोडूनच घासायचं, सिलिकाची कोरडी धूळ फुफ्फुसात गेली की ती कायमची, सिलिकोसिस त्यानंच होतो. अंगणात कोरडा ग्राइंडर चालवणारे बघितले की माझा जीव वरखाली होतो, तोंडाला साधा रुमालसुद्धा नसतो.

म्हणून विनंती आहे साहेब, येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरात, ॲसिड आणि ब्लीच एकत्र करू नका एवढी दुरुस्ती छापा. जागा कमी पडली तर माझं बाकीचं पत्र कापा.

आपला नेहमीचा वाचक,
परभणी