प्रतिकारशक्ती कमी होत नाही, तिचं काम बदलतं

मा. संपादक,

गरोदरपणावरचा आपल्या पुरवणीतला लेख आवडला. पण ‘या काळात प्रतिकारशक्ती कमी होते’ हे वाक्य खटकलं. गर्भाची निम्मी जनुकं वडिलांची, म्हणजे आईच्या शरीराच्या लेखी तो निम्मा परकाच. तरी शरीर त्याला झिडकारत का नाही, हा प्रश्न ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी १९५३ मध्ये मांडला. उत्तराचा मोठा भाग संप्रेरकांत आहे. प्रोजेस्टेरॉन हे गरोदरपणातलं संप्रेरक प्रतिकारशक्तीच्या हल्लेखोर पेशींना आवरतं आणि इतरांना शांत ठेवणाऱ्या टी पेशींना बळ देतं. गर्भाशयाच्या अस्तरात सुरुवातीला ‘नॅचरल किलर’ पेशींचीच गर्दी असते. नाव मारेकऱ्याचं, पण वारेला रक्त पुरवणाऱ्या धमन्या रुंद व्हायला त्याच मदत करतात. झोपी गेलेल्या प्रतिकारशक्तीला हे जमलं नसतं. फ्लू गरोदर बाईला जास्त छळतो हे खरं, म्हणून तर लस घ्यायची. त्या लसीतून तयार झालेली प्रतिपिंडं वारेतून बाळालाही मिळतात.

हे तळमळीनं लिहिण्याचं कारण माझं स्वतःचं आहे. मला र्‍हुमॅटॉइड संधिवात आहे, म्हणजे माझी प्रतिकारशक्ती माझ्याच सांध्यांवर हल्ला करते. चौथ्या महिन्यापासून सकाळी ताठरणारी बोटं मोकळी झाली. वाटलं, सुटले! पण वार पडली की प्रोजेस्टेरॉन काही दिवसांतच झपाट्यानं उतरतं, आणि आवरून धरलेला आजार उसळू शकतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. बाळ सहा आठवड्यांचं असताना एका पहाटे झबल्याचे बंद बांधता येईनात. एक टोक दातात धरून बांधले. दवाखान्यात उत्तर मिळालं, ‘बाळंतपणाचा थकवा आहे.’ त्यात दोन महिने गेले, सूज मनगटापर्यंत चढली.

गरोदरपणात संधिवात ओसरतो, हे अमेरिकन डॉक्टर फिलिप हेंच यांनी १९३०च्या दशकातच नोंदवलं होतं. त्याच धाग्यावरून पुढे सूज उतरवणाऱ्या कॉर्टिसोन या संप्रेरकाचा उपचार आला आणि १९५० मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. इतकी जुनी माहिती बाळंतिणीपर्यंत का पोचू नये? काहींचा थायरॉइडही बाळंतपणानंतरच बिघडतो. धडधड, गळणारे केस, थकवा सगळं जागरणाच्या खाती जमा होतं.

घरी सोडताना बाळाच्या लसींचं कार्ड हातात देतात. तेव्हाच आईलाही सांगावं की सांधे सुजले, छाती धडधडू लागली, तर लगेच परत या. आपल्या पुरवणीत पुढचा लेख बाळंतपणानंतरच्या या महिन्यांवर यावा, ही विनंती.

– एक वाचक