‘प्राण्यांवर तपासलेले’ म्हणजे किती दिवस?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत गुळवेलीच्या अर्काच्या गोळ्यांची पानभर जाहिरात होती. ‘प्रयोगशाळेत प्राण्यांवर तपासलेले, पूर्णपणे सुरक्षित. रोज दोन गोळ्या, कायम घेतल्या तरी चालतील.’ माझी उभी नोकरी फार्मसी कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथे, गेली, म्हणून विचारते, तपासलं ते कुठल्या चाचणीत?

अशा अर्काची बहुतेकदा पहिली चाचणी होते ती तीव्र विषारीपणाची, म्हणजे एकदाच दिलेली मोठी मात्रा झेपते का ते पाहण्याची. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवून दिलेल्या ४२३ क्रमांकाच्या पद्धतीत एका टप्प्याला तीनच रॅट लागतात, शक्यतो माद्या. रात्रभर उपाशी ठेवायच्या, सकाळी वजन करायचं, मानेची सैल कातडी चिमटीत धरून गोल टोकाची सुई घशातून पोटापर्यंत न्यायची. वाट चुकली तर अर्क फुफ्फुसात जातो आणि रॅट मरते ती अर्काने नव्हे, आपल्या हाताने. मग पहिला अर्धा तास पिंजऱ्यापासून हलायचं नाही. केस उभे राहतात का, डोळ्यांना पाणी येतं का, थरथरते का, सगळं लिहून ठेवायचं. पुढे १४ दिवस रोज पाहायचं. किलोमागे २००० मिलिग्रॅम देऊनही मेल्या नाहीत, की अहवाल चांगला येतो. शेवटी पोट उघडून अवयव नुसत्या डोळ्यांनी पाहतात. यकृतासाठी रक्त तपासण्याची सक्ती या चाचणीत नाही. मात्रा एकच, तीही एकदाच! त्यावरून ‘कायम घ्या’ कसं म्हणता येतं?

रोज पोटात जाणाऱ्या अर्काला २८ किंवा ९० दिवसांची चाचणी हवी. ९० दिवसांच्या चाचणीत प्रत्येक गटात १० नर, १० माद्या, किमान तीन मात्रा, शिवाय अर्क न दिलेला एक गट. रक्त तपासायचं, यकृताचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. खर्चिक आणि किचकट काम. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत सांगितलेल्या औषधांना तर नियमाने सुरक्षिततेच्या चाचणीची सक्तीच नाही, पण ती सवलत आजीच्या काढ्याकडे बघून दिलेली. आटवून गोळीत भरलेल्या अर्काचं गणित निराळं.

२०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. नंतर देशातल्या तेरा केंद्रांतून ४३ रुग्णांची नोंद आली. आयुष मंत्रालयाने गुळवेल सुरक्षित असल्याचं सांगितलं आणि टिनोस्पोरा क्रिस्पा या सारख्या दिसणाऱ्या वेलीशी गल्लत झाल्याची शक्यता मांडली. असेलही. मग गोळीतली वेल नेमकी कोणती, हे कोणी ओळखलं तेही सांगा. शिवाय त्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांची इजा शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटल्यासारखी होती. धडधाकट, एकाच पैदाशीच्या रॅटमध्ये तसं काही दिसेलच याची खात्री नाही.

प्राण्यांवरच्या चाचण्यांना माझा विरोध नाही, नाहीतर ही नोकरीच केली नसती. पण त्यांचा जीव घेऊन मिळालेली माहिती अर्धीच छापलेली मला खपत नाही. आपल्या जाहिरात विभागाने अशा कंपन्यांकडून निदान एवढं तरी घ्यावं: अर्क कशात (पाण्यात की अल्कोहोलमध्ये) काढला, मात्रा किती, किती दिवस दिली, आणि रक्त व यकृत तपासलं का. उत्तर ‘तीन रॅट, एक मात्रा, १४ दिवस’ असेल तर तेही छापा, ‘पूर्णपणे सुरक्षित’ इतक्याच ठळक अक्षरांत.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, सांगली