हूजिअर जंगलातल्या त्या दोघींचे आभार

अमेरिकेत इंडियानामधल्या हूजिअर राष्ट्रीय वनात, चार्ल्स डीम वाइल्डरनेसच्या टेकड्यांवर आम्ही तंबू टाकला होता. १९८२ पासून संरक्षित असलेलं रान. नळ नाही, वीज नाही. ओढ्याकडे उतरताना आईचा पाय मुरगळला. (तंबूतच राहायचं हा हट्ट नाशिकहून आलेल्या आईचाच!) तेवढ्यात पायवाटेवरून दोन घोडेस्वार बायका आल्या. एकीने खोगिराच्या पिशवीतून घोड्याच्या पायाला गुंडाळतात ती, स्वतःलाच चिकटणारी पट्टी काढली आणि तळपायापासून घोट्याच्या वरपर्यंत तिरके वेढे देत बांधली. आई धरून धरून का होईना, चालू लागली.

दुसरीने तंबूवरच्या वठलेल्या अ‍ॅशच्या झाडाकडे बोट दाखवलं. हिरव्या भुंगेऱ्याच्या अळ्या सालीखाली पोखरून ही झाडं मारतात, मग फांद्या वारा नसतानाही कोसळतात. तिने स्वतः खुंट्या उपटल्या, तंबू मोकळ्यावर हलवू लागली.

नावं विचारायची राहून गेली. बायांनो, मनापासून आभार. आई ठणठणीत आहे. आणि दगडांच्या चुलीशेजारी पुढच्यांसाठी सुकी लाकडं रचून गेलेल्यांचेही आभार. त्या रात्रीचा चहा त्यांच्यामुळे झाला.